कलम चार

दाण्यांच्या पहिल्या पोत्याबरोबर सोळा कलमांचा कागद येतो.
मकरपुऱ्यात तो कुणी वाचत नाही.
मी वाचला, कारण शेठ म्हणाले,
"शर्मिष्ठाबेन, तमारा अक्षर सारा छे,
बोर्ड तुम्हीच रंगवा."

रंगवला. निळ्यावर पांढरा.
कलम पाच : जळताना धूर काळा, दाट.
वाका, जमिनीलगत बाहेर पडा.
कलम सहा : सांडलेले दाणे लगेच झाडा, पाय घसरतो.
(दिसतात साबुदाण्यासारखे.
पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यावरून सपशेल आपटले होते,
तीही चतुर्थीला, आणि अख्खी पाळी हसली होती.)
कलम चार : वितळलेला पदार्थ त्वचेला चिकटल्यास
ओढून काढू नये.
गार पाण्याखाली धरावे. वीस मिनिटे.

"ओढून काढू नये"खाली मी रेघ मारली,
केवळ जागा उरली होती म्हणून.

मे महिना. चार नंबरचं मशीन. नोझल तुंबलेलं.
दुष्यंत परमारचा मुखवटा खिळ्याला.
नोझल शिंकलं.
दोनशे तीस अंशांचं पॉलिप्रॉपिलीन
त्याच्या डाव्या मनगटावर बसलं
सायीसारखं,
आणि सायीसारखंच आकसलं.

त्याचा उजवा हात निघालाच होता.
माणसाचा हात असाच :
काटा रुतला, उपट.
जळू लागली, ओढ.
मी तो हात वरच्यावर धरला. "खेंचतो नहीं!"
आवाज माझा नव्हता, बोर्डाचा होता.

बेसिनचा नळ सोडला,
तर पाणी चहाला चालेल असं.
गच्चीवरची काळी टाकी, दुपारचे अडीच.
कागद लिहिणाऱ्याला बडोद्याचं ऊन ठाऊक नव्हतं.

मग पिण्याचा कूलर.
सगळ्या पाळीचं पाणी, ग्लासामागून ग्लास,
त्या एका मनगटावर.
वीस मिनिटं म्हणजे किती, ते भिंतीवरच्या घड्याळाला विचारा.
सातव्या मिनिटाला तो मुलीच्या शाळेच्या दाखल्याबद्दल बोलला.
अकराव्याला नुसत्या शिव्या, मशीनला, मग मला.
चौदाव्याला हळूच म्हणाला, "बेन, तरस लागी छे."
एक घोट त्याला,
उरलेला ग्लास पुन्हा मनगटावर.

सयाजी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"ओढलं नाही ना कुणी?"
"नाही."
"मग बरंचसं कातडं वाचेल."
माझ्याकडे पाहिलंही नाही त्यांनी. पुढचा पेशंट.

शेठ म्हणाले, वहीत लिहा : किरकोळ.
मी लिहिलं : तीन इंच बाय दोन.

रविवारी एकटीच गेले.
आधी मुखवट्याचा खिळा काढला, पक्कड लावून, ओढून.
मग ब्रश.
कलम चारखाली त्या रेघेनं जागाच ठेवली नव्हती,
तरी कडेला, आडवं, मुंगीच्या पावलांनी :
उन्हाळ्यात नळाचं पाणी नको.
कूलरचं घ्या. कूलर भरलेला ठेवा.

खाली सही नाही केली.
अक्षर ओळखतात सगळे.