रकाना सातवा

सोहारच्या कोर्टात निकाल वाचला तेव्हा
मी मागच्या बाकावर होतो,
मोजणीचा नकाशा गुंडाळून मांडीवर.
अरबी मला कामापुरतीच येते:
खांब, विहीर, भिंत, हद्द.
बाकीचं कोया कुजबुजत होता शेजारून, हिंदीत, निम्मं गाळून.

रस्ता होणार. सार्वजनिक हित.
सहमच्या किनाऱ्यालगतची ती वाडी,
घर, विहीर, होड्या ओढून ठेवायची झापांची शेड,
संपादन वैध.
खलफान बिन मुबारक मान हलवत राहिला,
दुसऱ्या कुणाच्या घरचा हिशेब ऐकावा तशी.

मग न्यायाधीशांनी चष्मा पुसला
आणि माझा तक्ता वाचायला घेतला.

खजुरीची झाडं एकवीस. फळती वीस.
एकविसाव्यापुढे, सातव्या रकान्यात, माझ्या अक्षरात:
उत्पन्न नाही. मूल्य शून्य.

नर होता तो.
मोजणीच्या दिवशी खलफानची बहीण शुवैखा
त्याच्याकडे बोट करून बरंच काही सांगत होती.
ऊन चढलेलं. मी टेप गुंडाळत हो हो म्हटलं.
आमच्याकडे नर पपई फुलली की
उपटून बांधावर टाकतात,
तेवढंच माझं शास्त्र.

न्यायाधीश म्हणाले
(हे मात्र कोयानं काही न गाळता सांगितलं)
थंडी सरताना याचे तुरे कापून
हातानं बांधतात त्या विसांना.
आजूबाजूच्या अकरा वाड्याही इथूनच नेतात,
पैसे न देता.
याला शून्य म्हणायचं, तर विसांनाही म्हणा.
मोबदला सुधारून द्यावा.

रस्त्याची रेघ इंचभरही सरकली नाही.
त्या अकरा वाड्यांनी पुढच्या वर्षी कुठे जायचं,
हे निकालात नव्हतं. दाव्यातच नव्हतं.

धरणात गेलेल्या आमच्या घराच्या पंचनाम्यात
परड्यातल्या चिंचेपुढे 'किरकोळ' लिहिलं होतं.
वडिलांनी तो कागद जपला.
त्यातला 'र' कुणाचा, हे ते शेवटपर्यंत ओळखायचे,
लग्नपत्रिकेवर दिसला तरी.

बाहेर गाड्यांच्या तापलेल्या रांगेत
शुवैखानं मला थांबवलं.
वाटलं, बोलेल काहीतरी.
तिनं फक्त नाव विचारलं.
प्रल्हाद, मी म्हणालो.
ब्रल्हाद, ती म्हणाली.
मी पुन्हा सांगितलं, सावकाश,
नीट लक्षात राहील असं.