लेबलासाठी दोन ओळी

तुळशीदासनं बोलावलं तेव्हा वाटलं,
सत्यनारायण असेल.
डिचोलीच्या बगलरस्त्याला मळीकांचं गॅरेज,
जिथे त्याच्या वडिलांचे तीन टिप्पर उभे असायचे,
खाण बंद झाली त्या वर्षापासून उभेच.
आता तिथे स्टीलच्या टाक्या, मधोमध जुनी नाली.
पत्र्याच्या पन्हळीत मात्र तीच लाल धूळ.
ती कुणाला धुता आलेली नाही.

"बाई, ही चैताची बियर. ह्याच हंगामापुरती.
लेबलावर मराठीत दोन ओळी हव्यात.
चाखून पळयात, आणि लिहा."

मी सदुसष्ट वर्षांची.
आमच्या घरात फेणी होती ती छातीला चोळायला.
हुर्राक चुलत्यांच्या पेल्यांत, लिंबू पिळून,
आंबे पाडाला येईपर्यंत पडवीभर तोच वास,
आणि आम्ही मुली आत.

त्यानं मुठीतून हिरवे दाणे आणले,
चंदेरी पुडक्यातले, बोटीनं आलेले.
हॉप. गुरांच्या पेंडीसारखे दिसतात.
बोटांत चुरडले मात्र,
कुणीतरी नाकाशी तोरंजनाची साल मोडली.
"ह्याला मराठीत काय म्हणायचं, बाई?"
काही नाही म्हणत. आपल्या मातीत आलंच नाही ते,
नाव ठेवायला हाताशी तर हवं.
नावं काय, लांबूनही ठेवता येतात.

पेला पन्ह्यासारखा गढूळ.
वरच्या फेसावर मी फुंकर घातली, चहाला घालतात तशी.
तो हसला नाही. गुणी पोर.

पहिला घोट कडू.
दुसराही.
लहानपणी आई किराईत पाजायची,
एका हातानं नाक धरून, दुसऱ्यात गुळाचा खडा.
त्या कडूला काम होतं: जंत.
ह्याला काहीच काम नाही,
येऊन बसतो जिभेच्या मागच्या बाकावर
आणि खिडकीबाहेर बघत राहतो.

तिसऱ्या घोटाला तो वळला.
कैरीच्या देठातून ओघळलेला चीक,
ओठाच्या कोपऱ्याला भाजलेला,
आणि दुपारच्या उतारावर
चपलेखाली फुटलेलं काजूचं बोंड.
हे सगळं घातलंस का रे ह्यात?
"ना बाई. पाणी, बार्ली, हॉप, यीस्ट."
मग आलं कुठून?
त्यानं खांदे उडवले.

सातवीत ह्यानं 'वसंत ऋतू' लिहिला होता, गाईडमधून उतरवून.
कोकीळ, आम्रमंजिरी, सृष्टीचा हिरवा शालू.
लाल शाईनं मी एकेक खोडत गेले,
पानावर उरला एक 'आणि'.
खाली लिहिलं: तू काय पाहिलंस ते लिही.
दुसऱ्या दिवशी एकच ओळ घेऊन आला,
'बाबा रात्री ट्रक धुतात तेव्हा नाली लाल होते.'
मी म्हटलं, ह्यात वसंत कुठे आहे?
वीसपैकी चार दिले.

चुकलं माझं.
पावसात खाणी बंद, ट्रक धुतले जायचे ते उघाडीतच.
हे कळायला मला
ट्रकच थांबावे लागले.

पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलनं लिहायला घेतलं.
'सुगंधी'. खोडलं.
'वासंतिक'. शी.
'ताजी'. म्हणजे काय, मासळी?
तो समोर उभा, हात मागे बांधून,
वही तपासून मिळायची वाट बघत असल्यासारखा.
पेला तळाला गेला तेव्हा लिहिलं:

आधी कडू लागेल.
थांबा.

"एवढंच? आमच्याकडनं दोनशे शब्द घ्यायच्यात."
दोनच ओळी मागितल्यास ना तू.

निघताना त्यानं पेला विसळला.
फेस नालीतून गेला, पांढरा, सावकाश.
दोघंही बघत राहिलो.
त्याला काय आठवलं, मी विचारलं नाही.

बसस्टॉपवर जीभ टाळूला लावून पाहिली.
मागच्या बाकावरचा होता अजून,
हजेरी न देता.