पाणलोट

नकाशात आमची वाडी टाचणीच्या टोकाखाली गेली.
सर्व्हेवाल्यानं विचारलं, गावाचा इतिहास?
धुळू येडगे म्हणाला, मिठाचे बैल इथं दम खायचे.
एक उठलाच नाही,
म्हणून मालकही राहिला.
एवढाच.

मग संस्थानाचा जकातीचा दगड आला;
आता त्यावर ठकूमावशी विळा घासते.

भूगोल विचारला, तर तिनं खरकट्याची बादली उचलली.
मागल्या दारानं फेकलं तर कोकण, सांजेला समुद्र.
पुढल्या दारानं भोगावती, पंचगंगा,
कोल्हापूरच्या घाटावरनं पार तिकडं, कुठं कुणास ठाऊक.
थोरला त्याच वाटेनं गेला,
शिरोलीच्या फौंड्रीत आहे.

तुमचं माहेर कुठलं, मावशी?

तिनं पाणी
मागल्या दारानं फेकलं.