दोन फुटी

पहिले वीस दिवस टाकीत कुणीच नव्हतं.
वाळू, एक वाकडं खोड, फिल्टरची गुरगुर.
बायको म्हणाली, रिकाम्या पाण्यावर वीज कशाला जाळताय?
म्हटलं, मुरतंय.
लोणच्याला कुणी घाई करतं का?

कुर्ल्याचा अख्तरभाई तसा पक्का दुकानदार,
पण पहिल्या रविवारी त्याने मला एक मासा विकला नाही.
"आधी पाण्यात जीव येऊ द्या, तोडणकर,
मग जीव पाण्यात सोडा."

मी महापालिकेचा चावीवाला.
सव्वीस वर्षं घाटकोपरच्या टेकडीखाली
पहाटे चारला लोखंडी चावी फिरवतोय.
कुठल्या गल्लीला किती मिनिटं, तोंडपाठ.
एवढ्याशा पाण्यात किती जणांचं भागतं
ते मला शिकवायची गरज नव्हती.
शिकावं लागलं ते इतकंच, की आमच्याच नळातला क्लोरीन
माशांचे कल्ले जाळतो.
तेव्हापासून मोरीत रात्रभर दोन बादल्या उघड्या,
आणि त्यांना हात लावायची घरात कुणाची टाप नाही.

मग आले सहा निऑन.
पिशवी तासभर तरंगत ठेवली,
वाटी वाटी पाणी आत घालत,
माप ओलांडायच्या आधी सुनेला थांबवतात तसं.
सहाच का? तर एकटा पडला की रंग सोडतो म्हणे.
तळाला चार कोरी, मिशाळ, कामसू,
वरून सांडलेलं निमूट वेचणाऱ्या.
वरच्या मजल्यावर तीन गप्पी, सगळे नर.
सगळे नर नव्हते, हे महिन्याने कळलं.

एका काचेच्या बरणीत लाल फायटर होता,
शेपूट पसरून माझ्याकडेच बघत.
अख्तरभाईने बरणीवर हात ठेवला:
"चाळीत दादा एकच बरा,
आणि तोही शेजारच्या चाळीत."

इथवर ठीक होतं.
मग मेहुण्याने, भालचंद्रने, वाढदिवसाला एंजल आणला.
रुपयाएवढा. नाही कसं म्हणणार?
सात महिन्यांत तळहाताएवढा झाला
आणि निऑन सहाचे चार.
मोजताना चुकलो असेन, असं मी दोन दिवस म्हणत राहिलो.

लोक विचारतात, मोठी टाकी कधी घ्यायची, कळतं कसं?
आठवड्याने बदलायचं पाणी चौथ्या दिवशीच पिवळट दिसतं.
पहाटे गप्पी वर तोंड लावून असतात.
पण मला कळलं ते वेगळ्यानेच:
वळायच्या आधी एंजल थांबायला लागला.
स्वयंपाकघरात बायकोला वाट देताना
मी थांबतो, अगदी तसा.

चार फुटी म्हणजे अडीचशे लिटर,
म्हणजे अडीचशे किलो. काच, स्टँड वेगळं.
आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, स्लॅब पासष्ट सालचा,
बरोबर खाली धनावडेबाईंची खाट.
अंदाज घ्यायला मी फरशीवर पाय आपटला.
त्यांनी खालून काठीने उत्तर दिलं.

शेवटी चौकीत ठेवली. तळमजला, खाली दगड,
जुन्या वह्यांचं कपाट होतं तो कोपरा.
पाणी पुन्हा वीस दिवस मुरवलं, निम्मं घरच्या टाकीतलं.
निऑन आणि कोरी घरीच राहिल्या. दोन फूट त्यांना पुष्कळ.
हल्ली संध्याकाळी त्यांचा दिवा बायको लावते,
मला सांगत नाही.

एंजलला सोडला त्या दिवशी
तो अर्ध्यात येऊन थांबला.
तिथे काच नव्हती.
दुसऱ्या दिवशीही. आठ दिवस तेच:
दोन फूट, थांबा, वळा.

नवव्या पहाटे, चावी हातात घेऊन बघत होतो,
तो थांबला नाही.

पाचव्या गल्लीला त्या दिवशी पाणी चार मिनिटं उशिरा गेलं.
वहीत कारण लिहावं लागतं.
मी वेळ लिहिली, सही केली,
तो रकाना तसाच सोडला.