मिनिटाला सतरा

गुरुवारी रात्री स्ट्रुअन लॅपटॉप उशीवर ठेवतो,
मी टोस्टवर लसणाची चटणी,
आणि डंडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
एक जपानी शाळा भरते.

सुझुना वर्गात नव्यानं आलेली मुलगी आहे.
सुझुना यंत्र आहे.
हे मास्तरांना ठाऊक, मांजराला ठाऊक, आम्हाला ठाऊक,
फक्त शेजारच्या बाकावरच्या त्या येड्याला नाही.
तो हात पुढे करतो आणि तिची बॅटरी
तीन टक्क्यांवर येते, दर भागात, न चुकता;
ती म्हणते, "जरा थांब," आणि पळते
प्लग शोधत, मुलींच्या बाथरूमकडे.

स्ट्रुअन हसत नाही. तो तिच्या पापण्या मोजतो.
नोकरीच ती त्याची: विद्यापीठाच्या तळघरात
सिलिकॉनचा एक चेहरा आहे, मानेखाली नुसत्या वायरी,
आणि हा गडी दोन वर्षं झाली
त्याला डोळे मिटायला शिकवतोय.
ठेक्यात मिटले की माणसं घाबरतात.
मिटलेच नाहीत तर त्याहून.
"मला नमुना हवाय," म्हणाला नोव्हेंबरात,
"चारला अंधार पडतो, तुला तरी कुठं जायचंय?"

मग मी बसले. स्टूल, कॅमेरा, एक दिवा.
पहिल्या दिवशी मिनिटाला सतरा. छान, म्हणाला,
अगदी पुस्तकात दिल्यासारखं.
दुसऱ्या आठवड्यात चोवीस.
डिसेंबरात एकतीस, आणि मध्येच
सबंध वीस सेकंद एकदाही नाही.
तो आलेखासमोर डोकं खाजवत राहिला.
लेन्स पुसली. दिवा बदलला.
डोळ्यांत घालायचे थेंब आणून दिले,
बिचाऱ्यानं, पदरच्या पैशानं.
शेजारच्या बाकावरचा येडा, दुसरं काय.

त्याला काय सांगणार?
इथं आले तेव्हा मीही शिकलेच की सगळं:
"कशी आहेस"ला अर्ध्या सेकंदात "मस्त";
दुसऱ्यानं आपल्या पायावर पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणायचं;
बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू;
विनोद कळला नाही तर ओठ किती, आणि किती वेळ.
घरी येऊन दार लावलं की मीही तीन टक्क्यांवर.
प्लग म्हणजे मिरजेहून मावशीचा फोन,
तिच्या दोन्ही गुडघ्यांची सविस्तर बातमी.

एकदा सहज बोलून गेले,
आमच्याकडे बाईचा डावा डोळा लवला तर शुभ.
कशासाठी शुभ? त्यानं वही काढली.
काहीतरी यायचं असतं. कुणीतरी.
किती टक्के वेळा येतं?
मी म्हटलं, गप चहा पी.

मार्चात पैसे देणारे लोक आले चेहरा बघायला,
ग्लासगोहून, टाय लावून.
चेहऱ्यानं डोळे मिटले, उघडले, मिटले,
कुणी घाबरलं नाही. एक बाई तर चक्क हॅलो म्हणाली.
आणि मग, मी दारापाशी बिस्किटांचा ट्रे धरून उभी,
डावी पापणी, एकटीच,
लवली. दोनदा. बारीक.
बिघाड? टायवाल्यानं विचारलं.
नाही, म्हणाला स्ट्रुअन, आणि कानापर्यंत लाल झाला,
त्या कातडीत काही म्हणजे काही लपत नाही.
"चाळीस तासांतून एकदा. ते तिचं खासगी आहे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू.
शकुन आमच्या घरातला, आणि लागू कुणाला,
जिला आवंढाही गिळता येत नाही अशा रबरी बाईला!
नदीच्या कडेनं घरी आलो. टेवरचा वारा
बोलू देत नव्हता, बरंच झालं.
एका सीगलनं कुणाच्या तरी हातातला तळलेला मासा पळवला,
आम्ही दोघंही गरजेपेक्षा जास्त वेळ हसलो.
जिन्यात, तिसऱ्या पायरीवर, चावी चाचपत,
माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं:
मिनिटाला एकतीस... तो दिव्याचा दोष नव्हता ना?

गुरुवार होता. शेवटचा भाग बघायचा राहिला होता.
चटणी तळाला गेली होती.
मी म्हटलं, जरा थांब.