पेटी क्रमांक तीन

घर दाखवताना दलालानं सगळं दाखवलं :
बॉयलर, तळघरातली ओल,
छताचं उरलेलं आयुष्य.
मागच्या अंगणातल्या चार पेट्यांबद्दल
तो काही बोलला नाही.
त्या दिसल्या ऑक्टोबरात, पानं गळल्यावर.
दोन ओकवर, एक मेपलवर,
एक मरणपंथाला लागलेल्या अ‍ॅशवर.
आणि स्वयंपाकघराच्या खणात,
जुन्या बॅटऱ्यांच्या खाली, एक वही.

मारिटनं ती रात्रपाळीहून आल्यावर उघडली,
बूट न काढता.

एल्रॉय हाउगेनचं अक्षर बारीक, पेन्सिलीचं,
ओळीच्या शेवटी उताराला लागणारं.
'देवदाराची फळी. रंग नको. आतून रंधा नको,
पिल्लांच्या नखांना धरायला काहीतरी लागतं.
भोक तीन इंच, खोडाच्या कुशीला.
समोरच्या दारानं यायची त्यांना सवय नाही.'

'झाड जाड होत जातं. दर दोन वर्षांनी स्क्रू सैल करणे,
नाहीतर ते पेटी गिळतं. झाडाची चूक नाही.'

'बिजागरी गंजली. सायकलची ट्यूब बरी.'

'उघडण्याआधी ठोठावणे.'

यावर ती थांबली.
इस्पितळात रात्रभर ती हेच तर करते :
ठोठावते, मग आत जाते,
आतलं माणूस उत्तर देण्याच्या स्थितीत असो वा नसो.

शेवटच्या नोंदीला तारीख आहे, वर्ष नाही.
'यंदा शिडी चढलो नाही. खालून पाहिलं. आहेत.'

रविवारी शेजारचा ओस्मो लाहती शिडी घेऊन आला
आणि शिडीबरोबर स्वतःही.
'एल्रॉय ना? फार बोलायचा नाही.
एकदा माझ्याकडून ट्यूब मागून नेली.
मी म्हटलं, सायकल कुठंय तुझ्याकडे?
तर नुसता हसला.'

पहिल्या पेटीत कुजकी पानं, पिसवा,
कुणाच्या तरी गादीतला कापूस.
दुसरीचं भोक कुरतडून कुरतडून
बशीएवढं झालेलं, त्यावर पत्र्याची चकती ठोकली.
तिसरीवर तिनं ठोठावलं. काही नाही.
झाकण उचललं, आत वाकून पाहिलं,
तर थेट खाली ओस्मोची टोपी.
तळच नव्हता.

नवी पेटी करायला तिला दोन सुट्ट्या लागल्या.
एक फळी आखूड कापली गेली, एक अंगठा ठेचला.
गॅरेजभर देवदाराचा वास,
तिच्या केसांना, चहाला, गणवेशाच्या बाह्यांना.
एका रुग्णानं विचारलंसुद्धा,
बाई, तुम्ही जंगलातून येता का?

ओकवर नवी चढवली.
जुनी उपडी टाकली सरपणाच्या ढिगावर,
पहिल्या कडाक्याच्या रात्री चुलीत घालायला.

इथल्या खारीच्या पाठीवर
कुणाची बोटं उमटलेली नाहीत.
ती अंगभर राखाडी, पोटाला पांढुरकी,
कुठल्या सेतूशी तिचा संबंध नाही,
उपकार करायचे नाहीत, घ्यायचेही नाहीत.
ती आली. नव्या झाकणावर बसली.
एक कोपरा चावून पाहिला,
जसा आपण दुकानात चिवडा चाखतो, आणि निघून गेली.

तीन दिवसांनी खिडकीतून दिसलं :
तोंडात ओकच्या पानांचा पुडा,
शेपटी मानेवर, आणि ती सरपणाकडे धावतेय.
उपड्या पेटीत शिरली.
पुन्हा बाहेर. पुन्हा पानं. मग मारिटचाच एक लोकरी मोजा,
जो ती आठवडाभर शोधत होती.
पेटीला तळ नव्हता,
खालच्या ओंडक्यांनी तो दिलेला.

सरोवरावरून वारा सुटलाय.
पारा शून्याखाली जाऊन तिथंच बसलाय.
लाकडं ती आता ढिगाच्या दुसऱ्या टोकाकडून काढते,
आणि त्याआधी एका ओंडक्यावर
दोनदा ठोठावते.

ओकवरची नवी पेटी रिकामीच आहे.
भोक वाऱ्याच्या तोंडी आलंय,
ओस्मोनं तेव्हाच सांगितलं होतं.
ती शिडीवर होती, ऐकलं नाही.
आता मार्चपर्यंत राहू दे, तो म्हणतो,
आणि शिडी परत न्यायला विसरतो.