चौदा कट्टे, वर नऊ

घरी राहिलं की कामं सुटत न्हाईत, म्हणाली अम्मा,
म्हणून आमच्याच गावात आम्ही लॉज घेतला,
स्टेशनाजवळ, दोन रात्रींसाठी.
रजिस्टरात येण्याचं कारण विचारलं होतं.
मी लिहिलं: पर्यटन.
कुठून आलात, त्या रकान्यात: विडी घरकुल.
मॅनेजरनं दोनदा वाचलं.

खोलीत शिरल्या शिरल्या तिनं चादर उलटी केली,
काठ चिमटीत धरून बघितला.
ही सोलापूरची न्हाई ग. पानिपतची हाय.
नायनानं बत्तीस वर्षं माग चालवला,
तेव्हापासून चादरीच्या बाबतीत
ती कुणाचं ऐकत नाही.

किल्ल्याचं तिकीट तिनं दोन्ही हातांनी घेतलं.
लग्न होऊन आली तेव्हापासून याच तटाच्या कडेनं
विड्यांची पाटी घेऊन जायची कारखान्यात.
आत काय असतं, माहीत नव्हतं.
आत पायऱ्या होत्या.
दर बुरुजाला ती बसली,
दर बुरुजाला मी पुढे जाऊन, बघून, परत आले.
तू फिरून बघ, मी बसून बघते.
आणि बसून तिनं बघितला तटातला एक कोरीव दगड,
देवळाचा असावा, उलटा बसवलेला,
जो मला फिरून दिसला नव्हता.
घाईत लावलाय कुणीतरी, म्हणाली. ठेक्याचं काम.

नान्नजला दुसऱ्या दिवशी, माळढोक बघायला.
पिवळं गवत, वर फेब्रुवारीतलंच वैशाखी ऊन,
आणि त्यात काहीच नाही.
वनरक्षक म्हणाला, मागं दिसला होता.
दुर्बीण तिनं आधी उलटी धरली, मग सरळ,
मग पदरानं पुसून माझ्याकडे दिली.
तीन काळवीट. एक कुत्रं.
पाणी पीत नव्हती, बाथरूमची पंचाईत नको म्हणून.
नसंल येत, म्हणाली. त्यालापन कामं असतात की.

कुडलच्या फाट्यावर मी तिच्यावर ओरडले.
वडाप मिळत नव्हती. चल की, चालू, म्हणाली,
आणि दहा पावलांवर बसली.
मी नको ते बोलले. रजा, पैसे, तिचे पाय, सगळं.
ती चपलेतला खडा काढत राहिली.
मग एका ट्रॅक्टरवाल्यानं नेलं आम्हाला,
उसाच्या पाचटावर, एकमेकींकडे पाठ करून.

देवळात पुजारी सांगत होता,
शिवलिंगाला तीनशे एकोणसाठ मुखं.
लोक हो म्हणून पुढे सरकत होते.
अम्मा खाली बसली.
ओकटी, रेंडू, मूडू...
बोट हवेत, दगडाला न लावता,
पंचवीस झाले की दोरा गुंडाळल्यासारखं फिरवून
पुढचा कट्टा.
बसल्या बसल्या सरकत गेली लिंगाभोवती.
रांग थांबली. शाळेची सहल थांबली.
एक पोरगं तिच्याबरोबर मराठीतून मोजू लागलं
आणि साठाच्या पुढे चुकलं.
चौदा कट्टे, वर नऊ, म्हणाली अम्मा.
मी मनात गुणाकार केला.
मग हळूच, फक्त मला: छाट एकपन न्हाई ग ह्यात.

छाट म्हणजे काय, पुजाऱ्यानं विचारलं.
काय सांगायचं.
मुकादम चिमटीत दाबून ज्या विड्या बाजूला फेकायचा,
ज्यांचे पैसे मिळायचे नाहीत,
आणि ज्या फेकल्या जायच्या नाहीत
त्यांतून भरलेली माझी कॉलेजची फी.
म्हटलं, काही नाही. आवडलं तिला.

रात्री लॉजवर मी जी आडवी झाले ती उठेचना.
कडक भाकरी, शेंगाचटणी, कागदावर दही,
तिनं मोडून हातात दिलं.
मग चौसष्ट वर्षांची ती
अडतीस वर्षांच्या माझ्या पोटऱ्या चेपत बसली,
आणि मी नको म्हणायला हवं होतं.

किल्ल्याचं तिकीट तिनं विडी कार्डाच्या प्लॅस्टिकात सरकवलं.
सकाळी निघताना पानिपतच्या त्या चादरीचीसुद्धा
घडी घातली, काठाला काठ.

महिन्यानं फोनवर मी विचारलं, गुडघा कसा आहे.
ते राहू दे, म्हणाली.
दिसला का ग कुणाला, तो पक्षी?